वुदरिंग हाइट्सचं गहाणखत

एमिली ब्रॉन्टेची ‘वुदरिंग हाइट्स’ मी पहिल्यांदा वाचली ती दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या पत्र्याच्या टपरीत बसून. मी दस्तलेखक आहे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र लिहून देणं हा माझा १९९२ पासूनचा व्यवसाय. शिक्षण बारावीपर्यंत. इंग्रजी जे काही आलं ते वीरकरांच्या डिक्शनरीने आणि रद्दीतल्या पुस्तकांनी शिकवलं. अमावास्येला खरेदीखतं होत नाहीत, पितृपक्षात तर कार्यालयाच्या आवारात चिमण्या नाचतात. अशाच एका पितृपक्षात हे पुस्तक हाती घेतलं. मलपृष्ठावर जगातली अमर प्रेमकथा वगैरे छापलं होतं. शिवाय दिलीपकुमारचा ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) याच कादंबरीवरून घेतलेला, हे ठाऊक होतं. तेव्हा अपेक्षा काय होती ते वाचकांनी ओळखावं.

नायिका अर्ध्या पुस्तकात मरते. चौतीस प्रकरणांपैकी सोळाव्याच्या सुरुवातीला ती गेलेली असते आणि पुढे जवळजवळ तेवढंच पुस्तक उरतं. या उरलेल्या पानांचं काय करायचं, असा प्रश्न मला पडला. हॉलिवूडलाही तो पडला असावा. १९३९ साली विल्यम वायलरने केलेल्या गाजलेल्या चित्रपटात हा उत्तरार्ध सरळ कापून टाकला आहे. (त्या चित्रपटात कॅथरिन झालेली मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली होती. आपलं अँग्लो-इंडियन मूळ लपवून ती जन्मभर टास्मानियाची म्हणून वावरली. ज्या कादंबरीतला नायक काळ्या रंगामुळे हाकलला जातो, तिच्यात नायक गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए आणि रंग लपवणारी मात्र नायिका! या योगायोगावर स्वतंत्र लेख होईल.)

मीही पुस्तक बाजूला ठेवणार होतो. पण सतराव्या प्रकरणाच्या शेवटी एका शब्दापाशी थांबलो. मॉर्टगेजी. हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला नाही. आमच्या भाषेत ‘लिहून घेणार’. हिंडली अर्नशॉ दारू पिऊन मेला आहे, आणि हीथक्लिफ वकिलाला कागद दाखवून सिद्ध करतो, की मयताने आपली इंचन् इंच जमीन जुगाराच्या पैशापायी गहाण टाकली होती आणि ती लिहून घेणारा मी आहे. तिथून मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. या खेपेला मी प्रेमकथा वाचत नव्हतो, दस्त वाचत होतो.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यॉर्कशरच्या उजाड माळरानावर दोन घरं. वुदरिंग हाइट्स हे अर्नशॉ घराण्याचं. ते पिढीजात शेतकरी, स्वतःच्या जमिनीचे मालक, पण हाताने राबणारे. दरवाजावर दगडात १५०० हे साल आणि हेअरटन अर्नशॉ हे कुणा पूर्वजाचं नाव कोरलेलं. चार मैलांवर थ्रशक्रॉस ग्रेंज हे लिंटन घराण्याचं. ते जमीनदार, लाल गालिचे अंथरणारे, मॅजिस्ट्रेटचा अधिकार असलेले. १७७१ च्या उन्हाळ्यात म्हातारा अर्नशॉ लिव्हरपूलला पायी जातो आणि येताना कोटाखाली एक काळंसावळं, बेवारस पोर घेऊन येतो. लहानपणीच वारलेल्या आपल्या एका मुलाचं नाव त्याला देतो, हीथक्लिफ. तेच नाव, तेच आडनाव. हा मुलगा आणि अर्नशॉची मुलगी कॅथरिन एकजीव होतात. म्हातारा मरतो, कॅथरिनचा भाऊ हिंडली मालक होतो, हीथक्लिफला नोकरांत ढकलतो. कॅथरिन शेजारच्या एडगर लिंटनशी लग्न करते. हीथक्लिफ परागंदा होतो, तीन वर्षांनी पैसेवाला होऊन परततो आणि दोन्ही घरं गिळतो. ही सारी हकीकत नेली डीन ही घरातली जुनी मोलकरीण १८०१ च्या हिवाळ्यात नव्या भाडेकरूला सांगते.

हीथक्लिफ कोण, हे कादंबरी सांगत नाही. तो सापडला ते लिव्हरपूल त्या काळी गुलामांच्या व्यापाराचं ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं बंदर होतं. एडगरचा बाप त्याला पहिल्यांदा पाहतो तेव्हा अंदाज बांधतो, की हा लास्कराचं पोर असावा, नाहीतर अमेरिकेहून किंवा स्पेनहून वाहून आलेला. लास्कर म्हणजे इंग्रजी जहाजांवरचे आपल्याकडचे खलाशी. आपल्या ‘लष्कर’ या शब्दाचाच तो भाऊ. गुजरात, कोकण, बंगालच्या किनाऱ्यावरची माणसं या नावाखाली लंडन-लिव्हरपूलच्या धक्क्यांवर उतरत आणि कित्येकदा तिथेच अडकून पडत. नेली तर त्याचं मन रिझवायला म्हणते, की कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. म्हणून हीथक्लिफ भारतीय होता असं म्हणण्याचा आततायीपणा मी करणार नाही. लेखिकेने ते मुद्दाम उघडं ठेवलं आहे. मात्र एवढं नक्की, की त्याला आडनाव नाही. माझ्या धंद्यात आडनावाशिवाय दस्त होत नाही. पक्षकाराचं संपूर्ण नाव, वय, धंदा, राहणार अमुक, हे लिहिल्यावरच पुढची ओळ येते. हीथक्लिफकडे त्यातलं काहीच नव्हतं, आणि त्याने सूड उगवला तो नेमका दस्तांच्या मार्गाने.

मराठी वाचकाला इथे जात आठवणार. मलाही आठवली. पण घाई करू नये. तीन वर्षांत पैसे आणि रीतभात कमावून हीथक्लिफ परततो, तेव्हा एडगर त्याला नाइलाजाने का होईना, दिवाणखान्यात बसवतो. त्याला स्वयंपाकघरात बसवावं ही एडगरची पहिली सूचना असते हे खरं, आणि कॅथरिन त्यावर चिडून दोन टेबलं मांडायला सांगते, एक मालकांचं आणि दुसरं आम्हा खालच्यांचं. तरीही दार उघडतं. पैशाने उघडणारं दार आणि कशानेच न उघडणारं दार यात फरक आहे. इंग्लंडातला वर्ग समजून घेताना आपण आपलं दार मनात धरलं, तर ही कादंबरी आपल्याला आहे त्यापेक्षा जास्त ओळखीची वाटेल.

वर्ग तिथे किती बारीक काम करतो, याची जागा वेगळीच आहे. दोघं पोरं एका रात्री ग्रेंजच्या खिडकीतून आत डोकावतात. कुत्रा कॅथरिनचा पाय धरतो. तिला आत नेतात, पाय धुतात, शेगडीजवळ बसवतात. त्याला बाहेर काढतात. पाच आठवड्यांनी नाताळात ती घरी परतते ती टोपी-झग्यातली बाईसाहेब होऊन, आणि त्याला मिठी मारल्यावर कपड्यांना डाग तर पडला नाही ना, हे बघते. पुढचं सगळं या एका बघण्यातून निघतं असं मला वाटतं.

मग तो प्रसिद्ध प्रसंग. कॅथरिन नेलीला सांगते, की हिंडलीने हीथक्लिफला इतकं खाली आणलं नसतं, तर मी एडगरचा विचारच केला नसता. आता त्याच्याशी लग्न करणं म्हणजे माझी पायरी उतरणं आहे. बाकावर आडोशाला पडलेला हीथक्लिफ एवढंच ऐकतो आणि निघून जातो. त्याच्यावर आपलं किती प्रेम आहे हे ती नंतर बोलते, ते ऐकायला तो नसतो. चित्रपटवाले या प्रसंगावर तुटून पडतात ते योग्यच आहे. पण त्यातली एक छोटी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कॅथरिन म्हणते, एडगरशी लग्न केलं तर मी हीथक्लिफला हिंडलीच्या हातून सोडवीन, वर काढीन. नेली लगेच अडवते आणि विचारते, की हे तू नवऱ्याच्या पैशाने करणार का? मोलकरीण आहे, पण कायदा तिला कळतो. त्या काळच्या इंग्लंडात लग्न होताच बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हाती जाई. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे यावे लागले. प्रेम एकावर, लग्न दुसऱ्याशी आणि त्या लग्नातून पहिल्याची सोय, हा कॅथरिनचा आराखडा भावनेच्या आधी हिशेबात चुकलेला आहे.

आता सूड. हीथक्लिफ परततो तो सप्टेंबर १७८३ मध्ये. आल्या आल्या मुक्काम कुठे ठोकतो? ज्याने त्याला चाबकाने फोडलं त्या हिंडलीकडेच, भरपूर भाडं देऊन. हिंडलीची बायको कधीच वारली आहे, तो दारू आणि पत्त्यांत बुडालेला आहे. हीथक्लिफ त्याच्याशी पत्ते खेळतो, जिंकतो, हरलेल्याला खेळायला पुन्हा पैसे देतो आणि प्रत्येक वेळी जमीन लिहून घेतो. अंगाला हात न लावता वर्षभरात हाइट्स त्याची. यॉर्कशरच्या या पश्चिम भागात वेकफिल्ड इथे १७०४ च्या कायद्याने दस्त नोंदणीचं कार्यालय निघालेलं होतं, इंग्लंडमधलं पहिलं. हे वाचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, हीथक्लिफ कागद काखोटीला मारून त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढतो आहे असं चित्र मला दिसलं. कादंबरीत ते नाही.

ग्रेंजची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात लेखिकेची तयारी दिसते. एडगरची बहीण इझाबेला आपल्यावर भाळली आहे असं कॅथरिनच्या तोंडून कळताच हीथक्लिफ पहिला प्रश्न विचारतो तो तिच्या रूपाबद्दल नव्हे. ती भावाची वारस आहे ना, असं तो विचारतो. कॅथरिन हसण्यावारी नेते, म्हणते, अर्धा डझन भाचे होऊन तिचा हक्क पुसून टाकतील. पण तिला होते एकच मुलगी, आणि तिला जन्म देऊन काही तासांत ती मरते. दिवस २० मार्च १७८४. म्हाताऱ्या लिंटनने मृत्युपत्रात जमीन एडगरला हयातीपुरती ठेवून पुढे त्याच्या मुलग्यांना, मुलगे नसतील तर नातीला डावलून स्वतःच्या मुलीला, म्हणजे इझाबेलाला ठेवली होती. नवजात पोरीकडे बघून नेली त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालते. इझाबेला तोपर्यंत हीथक्लिफबरोबर पळून जाऊन पस्तावलेली आहे. ती दूर जाऊन एक अशक्त मुलगा जन्माला घालते, लिंटन हीथक्लिफ. १७९७ साली ती वारते.

यानंतर हीथक्लिफला दोनच गोष्टी हव्यात. त्या अशक्त पोराने एडगरच्या मुलीशी, धाकट्या कॅथीशी लग्न करावं, आणि ते एडगर मरायच्या आत व्हावं. का? जमीन तर पोराला आजोबाच्या मृत्युपत्राने मिळणारच आहे. पण एडगरने आयुष्यभर साठवलेला पैसा कॅथीचा होणार, आणि लग्न झालेलं असेल तर तो नवऱ्याचा. नवरा मरणपंथाला लागलेला. त्याच्याकडून बापाच्या नावे मृत्युपत्र करून घेतलं की झालं. म्हणून तो कॅथीला घरात कोंडून लग्न लावतो. बाप तिकडे शेवटच्या घटका मोजतो आहे. एडगरला डाव कळतो. तो मुलीचा पैसा विश्वस्तांच्या ताब्यात देऊन तिला फक्त उपभोग ठेवणारं नवं मृत्युपत्र करायला वकिलाला बोलावणं पाठवतो. वकील ग्रीन येतो, पण एडगरने डोळे मिटल्यानंतर. हीथक्लिफने त्याला आधीच विकत घेतलेलं असतं. भुताखेतांच्या या कादंबरीत माझ्या अंगावर खरा काटा आला तो इथे. खिडकीबाहेर रडणाऱ्या पोरीच्या भुतापेक्षा न आलेला वकील मला जास्त भयंकर वाटला, कारण भूत मी पाहिलेलं नाही.

हे सगळं मीच पहिल्यांदा शोधलं असा माझा काही वर्षं समज होता. मग एका प्राध्यापक मित्राने चार्ल्स पर्सी सँगर यांच्या निबंधाची झेरॉक्स पाठवली आणि समज उतरला. सँगर लंडनचे बॅरिस्टर, मृत्युपत्रांच्या कायद्यातले जाणकार. त्यांनी केंब्रिजच्या एका मंडळापुढे वाचलेला हा निबंध १९२६ साली व्हर्जिनिया आणि लिओनार्ड वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने छापला, लेखकाची फक्त आद्याक्षरं घालून. पुस्तकात साल म्हणून लिहिलेले आकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी ऋतू, वयं, पिकं, चंद्र यांच्या उल्लेखांवरून प्रत्येक जन्म आणि मृत्यू कुठल्या वर्षी, बहुतेकदा कुठल्या महिन्यात झाला हे सँगरनी काढून दाखवलं, आणि ते जुळलं. वर मी दिलेल्या तारखा त्याच वाटेने निघालेल्या आहेत. दोन घराण्यांची वंशावळ त्यांनी मांडली, तीही आरशातल्यासारखी समोरासमोर बसली. पण त्यांची खरी कमाल कायद्याबाबत आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली डिसेंबर १८४७ मध्ये, न्यूबी या प्रकाशकाने छापली ती, लेखिकाबाईंकडूनच पन्नास पौंड आगाऊ घेऊन. दरम्यान १८३३ साली वारसाकायदा बदलला होता आणि १८३७ साली मृत्युपत्राचा कायदा. कथा मात्र त्याआधीची, आणि एमिलीने कायदा कथेच्या काळातला वापरला आहे. लिंटन सतरा वर्षांचा. नव्या कायद्याने त्याला मृत्युपत्र करता आलं नसतं. जुन्या कायद्याने चौदा वर्षांवरच्या मुलाला जंगम मालमत्तेचं करता येई, जमिनीचं नाही. कादंबरीत अगदी तसंच घडतं. जंगम मालमत्ता तो बापाच्या नावे करतो, जमिनीला हात लावू शकत नाही, आणि हीथक्लिफ ती नुसतीच बळकावून बसतो. जुन्या कायद्याने बापाला मुलाच्या जमिनीचा वारसा मिळत नसे. बायकोच्या जमिनीवर नवऱ्याला हयातीपुरता हक्क असे, पण त्यासाठी ती तिच्या ताब्यात आलेली असावी लागे, आणि इझाबेला तर एडगरच्या आधी चार वर्षं गेलेली. म्हणजे ग्रेंजवर हीथक्लिफचा कागदोपत्री काडीचाही हक्क नव्हता. नेलीला शंका आहे. पण ती म्हणते, की कॅथीजवळ ना पैसा ना माणूस, ती त्याच्या कब्जाला काय धक्का लावणार?

ही माहिती पाद्र्याच्या घरात वाढलेल्या, माणसांत न मिसळणाऱ्या बाईला कुठून आली, याचं नवल अनेकांनी केलं आहे. मला ते तितकंसं वाटत नाही. १८३८ साली ती हॅलिफॅक्सजवळ लॉ हिल या शाळेत काही महिने शिकवायला होती. ते घर जॅक शार्प नावाच्या माणसाने बांधलेलं. मामाच्या घरात आश्रित म्हणून आला आणि त्या घराचा धंदा नि वास्तू बळकावून बसला, अशी त्याची ख्याती तिथे शिल्लक होती. शिवाय १८४२ मध्ये मावशी वारल्यावर तिन्ही बहिणींना सुमारे तीनशे पौंड प्रत्येकी मिळाले, ते रेल्वेच्या शेअर्समध्ये गुंतवले गेले, आणि हा व्यवहार सांभाळत होती एमिली. रेल्वेसंबंधीची वर्तमानपत्रातली एकूण एक बातमी आणि जाहिरात ती वाचते, असं शार्लटने पत्रात कळवलं आहे. आणि ज्या घरात ती राहत होती ते चर्चचं. बाप गेला की मुलींनी घर खाली करायचं. आपण राहतो ते घर कोणत्या कागदावर उभं आहे हे अशा घरातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

गॉथिक कादंबरी म्हटली की आपल्याला पडका वाडा, तळघर, भूत एवढंच आठवतं. तिचा आरंभ १७६४ सालच्या होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’पासून मानतात. तिच्यातला पेच बघा. मालकाला विष घालून, खोटं मृत्युपत्र पुढे करून एका कारभाऱ्याने किल्ला लाटलेला आहे. त्याचा नातू गादीवर आहे आणि खरा वारस शेतकऱ्याच्या वेशात त्याच्यासमोर उभा आहे. भूत येतं ते या खोट्या कब्जाला घालवायला. आपल्याकडचा वाड्यातला मुंजा किंवा गुप्तधनावरचा नाग तरी दुसरं काय राखत असतो? एमिलीने किल्ल्याच्या जागी शेतकऱ्याचं दगडी घर आणलं आणि खोट्या मृत्युपत्राच्या जागी अस्सल गहाणखत. अस्सल आहे म्हणूनच त्यावर उपाय सुचत नाही.

की असतो?

इथे हेअरटनकडे यायला हवं. हा हिंडलीचा मुलगा, दारावर कोरलेल्या पूर्वजाच्या नावाचाच. बाप मेला तेव्हा सहा वर्षांचा. अंत्यविधीच्या दिवशी हीथक्लिफ त्याला उचलून टेबलावर उभं करतो आणि आता हे पोर माझं, असं जाहीर करतो. मला वाकवलं तसंच याला वाकवून बघू, असा त्याच्या बोलण्याचा मतलब. मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त शिकू देत नाही. हिंडलीने त्याची शिकवणी बंद करून त्याला औताला जुंपलं होतं, तो तेच करतो. हेअरटन स्वतःच्या घरात बिनपगारी गडी म्हणून वाढतो. आपल्यावर अन्याय झालेला आहे हेच त्याला ठाऊक नाही, असं नेली सांगते. दारावरचं स्वतःचं नाव त्याला वाचता येत नाही. कॅथी आणि लिंटन त्यावरून त्याची टर उडवतात. पुढे एकदा तो चोरून अक्षरं शिकतो, कॅथीला नाव वाचून दाखवतो. आणि आकडे, ती विचारते. आकडे अजून येत नाहीत. ती हसत सुटते.

हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसतो. त्याचं कारण खाजगी आहे, पण सांगतो. माझ्या आजोबांनी १९५१ साली अडीच एकर जमीन पाच वर्षांच्या मुदतीने गावातल्या एका घरी दिली. त्या कागदावर आजोबांचा अंगठा आहे. माझे वडील त्याच जमिनीत मजुरीला जात. रान आपलं होतं, विकलं गेलं, असं ते सहज सांगत. त्यात तक्रारीचा सूर नसे. दस्तलेखनाचं काम लागल्यावर पहिल्याच वर्षी मी घरातली ट्रंक उपसली आणि तो कागद वाचला. ते खरेदीखत नव्हतं. ताबेगहाण होतं. पैसे देऊन सोडवता येणारं. वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने गहाण सोडवायला तीस वर्षं. तुमची १९८६ ला संपली. मी सहा वर्षं उशिरा साक्षर झालो होतो म्हणायचं. (ताबेगहाणाला ही मुदत अशी सरसकट लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. तोवर त्या रानात बंगले उभे राहिले होते आणि वडील नव्हते.) कागद वडिलांना वाचून दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, की मग आजवरची मजुरी कशाची?

म्हणून हेअरटनच्या बाबतीत मी हिशेब मांडला. सँगरनेही तो मांडला आहे. गहाण म्हणजे विक्री नव्हे, आणि एकदा गहाण ते कायम गहाण, हे इंग्लंडच्या न्यायालयांचं जुनं तत्त्व. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतर कायदा त्यावरच उभा आहे. लिहून घेणारा कब्जात असला तरी लिहून देणाऱ्याच्या वारसाला सोडवण्याचा हक्क राहतो. तिथे तेव्हा त्याला वीस वर्षांची मर्यादा होती. हिंडली वारला सप्टेंबर १७८४ मध्ये. हीथक्लिफ वारला १८०२ च्या वसंतात. साडेसतरा वर्षं. हेअरटनचा हक्क जिवंत होता. त्या सगळ्या काळात त्याला कोणी ते सांगितलं नाही, आणि ज्याने सांगितलं असतं तो कागद त्याला वाचता येत नव्हता.

हीथक्लिफला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. मुदत भरत आली असताना त्याचाच हात ढिला पडतो. दोन्ही घरं जमीनदोस्त करण्याची हत्यारं हातात आहेत, आड येणारं कुणी नाही, आणि त्याला इच्छा उरलेली नाही. कॅथी आणि हेअरटन पुस्तकावरून डोकं वर करतात तेव्हा दोघांच्या डोळ्यांत त्याला मेलेली कॅथरिन दिसते. लोक याला प्रेमाचा विजय म्हणतात. मला ते इतकं सरळ दिसत नाही. तो हेअरटनला एक शब्दही परत देत नाही. मरण्याआधी वकिलाला बोलवावं असं त्याच्या मनात येतं, मालमत्तेचं काय करावं ते मात्र ठरत नाही. ती पृथ्वीवरून नाहीशी करता आली तर बरं, असं बोलतो, आणि मृत्युपत्र न करताच जातो. थडग्यावर एकच शब्द कोरतात, हीथक्लिफ, आणि मृत्यूची तारीख. आडनाव नाही, वय ठाऊक नाही. त्याच्यासाठी रडतो फक्त हेअरटन.

शेवटी कॅथी हेअरटनला वाचायला शिकवते. चुकला की केस ओढते, बरोबर आलं की बक्षीस. १ जानेवारी १८०३ ला त्यांचं लग्न ठरलं आहे, मग दोघं ग्रेंजला राहायला जाणार आणि हाइट्सवर म्हातारा नोकर जोसेफ राहणार. नेली हे अशा थाटात सांगते, की जणू हीथक्लिफ गेला आणि सगळं आपोआप जागच्या जागी आलं. तसं ते येत नाही. ग्रेंज कॅथीची, हे ठीक. पण बिनवारस माणसाची जंगम मालमत्ता राजाकडे जाते, आणि हाइट्सवरचं हीथक्लिफचं कर्ज हीसुद्धा त्याची मालमत्ताच. हेअरटनला घर सोडवायचं तर ते फेडावं लागेल. मात्र कब्जात बसलेल्या लिहून घेणाऱ्याला जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो. साडेसतरा वर्षांचं उत्पन्न मुद्दल आणि व्याजातून वजा केलं तर बाकी काय निघते? शिवाय एका गड्याची त्यातल्या वयात आल्यापासूनच्या वर्षांची मजुरी. ती धरता येते की नाही यावर वकिलांमध्ये मतभेद होतील, मी धरली असती.

गहाणाची मूळ रक्कम किती, ते नेलीने सांगितलेलं नाही. मी पुस्तक दोनदा त्याच्यासाठी चाळलं.